वाडा पाडायचा की सावरायचा? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या अंकात जुन्या इमारतींबद्दल आलेली पत्रं एकत्र घेतली आहेत. छत्रपती संभाजीनगरात (औरंगाबाद) वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याकडे उद्योग गेले, मागोमाग घरं गेली, आणि गुलमंडी, सिटी चौक, शहागंजमधल्या वाड्यांच्या वरच्या मजल्यांना कुलपं लागली. जालन्याच्या जुन्या मोंढ्यातही वेगळं काही नाही. बंद खोलीत गळती सुरू झाली की ती कुणाच्या लक्षात येत नाही. यातल्या निम्म्याअधिक प्रश्नांचं मूळ तिथंच आहे.

प्रश्न : गुलमंडीजवळ आमचा दुमजली वाडा आहे. खाली दगड, वर विटा, आत सागाचा सांगाडा. महापालिकेची 264 ची नोटीस आली आहे. तिघा भावांत वाटणी व्हायची आहे. एक बिल्डर म्हणतो, 'इमारत सी-वनमध्ये आहे, पाडावीच लागेल.' दुसरा मार्गच नाही का?

आधी नोटीस शेवटपर्यंत वाचा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम 264 धोकादायक बांधकामाबद्दल आहे. त्यात पाडण्याबरोबर सुरक्षित करणं आणि दुरुस्त करणं हेही मार्ग आहेत. तुमच्या नोटिशीत नेमकं काय करायला सांगितलं आहे ते बघा, आणि मुदत संपण्याआधी लेखी उत्तर द्या. गप्प बसलात तर तुमची बाजू नोंदवलीच जात नाही. भावांची वाटणी अडली असली तरी उत्तरावर तिघांच्या सह्या घ्या. सही केल्यानं कुणाचा हिस्सा कमी होत नाही.

सी-वन हा शिक्का बिल्डरनं मारायचा नसतो. वर्गवारी चार प्रकारची आहे. सी-1 म्हणजे राहण्यास अयोग्य, तातडीनं पाडायची. सी-2-ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती किंवा काही भाग उतरवायचा. सी-2-बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती. सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्ती. ही वर्गवारी महापालिकेच्या यादीवरच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या अहवालावर ठरते. वाड्यांच्या बाबतीत गोची होते ती या अहवालातच.

बरेच इंजिनिअर येताना रिबाउंड हॅमर घेऊन येतात. ते यंत्र काँक्रीटची ताकद मोजण्यासाठी आहे. दगड-मातीच्या भिंतीवर त्याचे आकडे निरर्थक असतात, आणि त्या आकड्यांवर सी-1 लिहिलं असेल तर तो अहवाल लेखी हरकत घेऊन फेरतपासणीला पाठवण्याच्याच लायकीचा आहे. वाड्याच्या तपासणीत पुढच्या गोष्टी झाल्याच पाहिजेत. प्रत्येक भिंतीला ओळंबा लावून कल मोजणं. भिंतीला पोट सुटलं आहे का, हे दोरी ताणून बघणं. प्रत्येक तुळईचं भिंतीत जाणारं टोक टोच्यानं तपासणं. टोचा इंचभर सहज घुसला तर ते टोक गेलं असं समजा, मग मधला साग कितीही टणक असो. आणि निदान एका ठिकाणी पायाशेजारी खड्डा घेऊन पाया मुरुमावर आहे की काळ्या मातीवर, हे बघणं. काळ्या मातीवरचा पाया पावसाळ्यात उचलतो, उन्हाळ्यात बसतो. त्याच्या भेगा दर वर्षी उघडतात आणि मिटतात. अशा भेगेत सिमेंट भरलं तर ती पुढच्या वर्षी शेजारी उघडते.

भेग जिवंत आहे की मेलेली, हे घरीच कळतं. भेगेवर आडवी पातळ काचेची पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसनं चिकटवा आणि तारीख लिहा. काच फुटली तर भिंत हलते आहे. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा नोंद ठेवली तर इंजिनिअरलाही ती उपयोगी पडते.

कल भिंतीच्या जाडीच्या सहाव्या हिश्शाहून जास्त असेल, म्हणजे चोवीस इंची भिंतीला चार इंचांपेक्षा जास्त, तर अहवालाची वाट बघू नका. माणसं बाहेर काढा आणि त्याच दिवशी धिरे द्या. भिंतीला तिरपे धिरे साधारण साठ ते सत्तर अंशांत, वर भिंतीशी फळी आणि खाली जमिनीत रोवलेला ओंडका. तुळईखाली लोखंडी जॅक, वर-खाली जाड पाट घालून. जॅक फक्त टेकेपर्यंत फिरवायचा. 'जरा उचलून घेऊ' म्हणून दोन आटे जास्त फिरवले की वरची भिंत चिरते. हा प्रकार फार होतो.

एक काम मात्र सगळ्याच्या आधी करा. वाडा शहराच्या वारसा यादीत आहे का आणि कोणत्या श्रेणीत, हे नगररचना विभागात लेखी विचारा. यादीत असेल तर परवानगीशिवाय पाडता येत नाही, आणि राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीत अशा मालकाला न वापरता येणाऱ्या बांधकाम हक्काबद्दल टीडीआरची, म्हणजे तो हक्क दुसऱ्या जागेसाठी विकता येण्याची, तरतूद आहे. बिल्डर हे आपणहून सांगणार नाही.

प्रश्न : पैठणला आजोबांचं माळवदाचं (लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत असलेलं) घर आहे. दर उन्हाळ्यात वर पांढरी माती टाकतो, तरी पावसाळ्यात गळतं. तुळया वाकल्यासारख्या दिसतात. प्लास्टिक अंथरून वर माती टाकावी का?

प्लास्टिक नको. आणि आता माती टाकणंही थांबवा, कारण तुमचा खरा त्रास गळती नाही, वजन आहे.

दर वर्षी वर पांढर चढते, खाली कुणी काढत नाही. पन्नास वर्षांत माळवद दोन-दोन फूट जाड होतं. हिशेब करा. दहा बाय दहा फुटांच्या खणावर दोन फूट माती म्हणजे दोनशे घनफूट. कोरडी दाबलेली माती घनफुटाला साधारण पंचेचाळीस किलो, म्हणजे एका खणावर नऊ टन. ओली झाली की आणखी. पणजोबांनी तुळया ठेवल्या तेव्हा याच्या तिसऱ्या हिश्शाचा विचार केला असेल. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला जी घरं बसली त्यांतली बहुतेक अशीच होती : वर जड माळवद, खाली मातीत रचलेली दोन पदरी दगडी भिंत, आणि दोन्ही पदर बांधणारा आरपार दगड कुठंच नाही. भूकंपानंतर जुन्या घरांच्या मजबुतीसाठी एक सूचना होती ती छपरावरची माती आठ इंचांवर आणण्याची.

उतरवायचं काम हिवाळ्यात घ्या. आधी प्रत्येक तुळईखाली मधोमध जॅक द्या. माती सगळ्या खणांवरून एकेक वीत सारखी खरवडत खाली या. एक खण पूर्ण मोकळा आणि शेजारचा भरलेला, असं झालं की भिंत भरलेल्या बाजूला रेटली जाते. काढलेली माती छतावर ढीग करून ठेवू नका. गोणीत भरून लगेच उतरवा. आणि फेकूनही देऊ नका. गावठाणाची पांढर काळ्या मातीसारखी फुगत-भेगाळत नाही, म्हणूनच जुन्यांनी ती निवडली. चाळून तीच परत वापरायची आहे.

किलचण (तुळयांवरचं लाकडी आच्छादन) उघडी पडली की वाळवी आणि कुजकी टोकं दिसतील. कुजलेलं टोक कापून तिथं जुन्याच सागाचा तुकडा तिरपा सांधा करून जोडता येतो. सांध्याच्या दोन्ही अंगांना सहा मिलिमीटरची लोखंडी पट्टी आणि बारा मिलिमीटरचे बोल्ट. भिंतीच्या कोनाड्यात टोक परत बसवताना तिन्ही बाजूंना अर्धा इंच हवा खेळायला जागा ठेवा. लाकूड कुजतं ते त्याच बंद कोंदट टोकाला. तिथं सिमेंट ठासून भरणारा गवंडी तुळईचं आयुष्य कमी करतो.

मग वर लिंबाचा पाला, सहा इंच चाळलेली माती ओली करून चोपलेली, दहा फुटांना तीन इंच उतार, आणि सगळ्यात वर दोन इंच चुना-सुरखीचा (सुरखी म्हणजे विटेची पूड) थर चोपून. हे सगळं मिळून खणावर तीन टनांच्या आसपास भरतं. पन्हळ भिंतीपासून निदान दीड फूट बाहेर काढा, नाहीतर छतावरचं पाणी भिंतीच्या मुळाशी जाईल. प्लास्टिकचा दोष हा की खालून येणारी वाफ त्याच्या पोटाला थांबते आणि किलचण कायम ओली राहते. तीन वर्षांत गळती नाही, पण लाकूड संपलेलं.

एवढा खर्च आता शक्य नसेल तर माती आठ इंचांवर आणा आणि वर वारा खेळेल एवढी जागा सोडून पत्रे टाका. दिसायला बरं नाही. घर मात्र टिकेल.

भिंतींसाठी आरपार बंध द्यायचे असतील तर त्याची रीत ठरलेली आहे. दोन्ही बाजूंचे समोरासमोरचे दगड हलक्या हातानं काढून तीन इंचांचं आरपार भोक करायचं, आठ मिलिमीटरची दोन्ही टोकांना आकडा केलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. असे बंध आडवे-उभे साधारण मीटरभर अंतरानं, एकाखाली एक न येता. एका दिवसात शेजारशेजारची दोन भोकं घेऊ नका.

प्रश्न : वाड्याच्या तळमजल्याला तीन वर्षांपूर्वी सिमेंटचं प्लास्टर केलं. आता कंबरेपर्यंत फुगून पडतंय, आतली वीट हातानं भुगा होते. कंत्राटदार वॉटरप्रूफिंगचा लेप सुचवतो.

भिंतीला लोणा लागला आहे, आणि सिमेंटनं तो वाढवला आहे. जुन्या पायात ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी विटेतून वर चढतं आणि पूर्वी चुन्याच्या गिलाव्यातून उडून जायचं. सिमेंटनं ती वाट बंद केली, म्हणून ओल आणखी वर गेली. पाण्याबरोबर आलेले क्षार गिलाव्यामागे साठतात, सुकताना त्यांचे स्फटिक फुगतात आणि विटेचा पापुद्रा सुटतो. वॉटरप्रूफिंगचा लेप लावला तर आज कंबरेला असलेली ओल खांद्याला येईल.

करायचं असं. सिमेंट छिन्नी-हातोडीनं काढा. ब्रेकर लावू नका, वीट आधीच कच्ची झाली आहे. ओलीच्या वर आणखी दोन फुटांपर्यंत काढा. दर्जांतला (विटांच्या सांध्यांतला) भुसभुशीत माल पाऊण इंच खोल कोरा आणि कोरडा ब्रश मारा. पाण्यानं धुतलं तर क्षार परत आत जातात. मग एक पूर्ण उन्हाळा भिंत उघडी ठेवा. इथंच बहुतेकांचा धीर सुटतो. त्या काळात बाहेरची जमीन बघा : रस्ता किंवा अंगणाची फरशी जोत्यापेक्षा वर गेली असेल, पन्हळीचं पाणी भिंतीशी पडत असेल, मोरीचा पाइप फुटका असेल, तर आधी तो इलाज.

चुना कळीचाच, म्हणजे न विरलेल्या खड्यांचा, घ्या. पिशवीतली पांढरी पूड बरेचदा जुनी, हवा लागून मेलेली असते. परीक्षा सोपी आहे : खडा पाण्यात टाकल्यावर काही मिनिटांत फसफसून, उकळून फुलला पाहिजे. टाकीत विरवून, चाळून, वर कायम पाणी ठेवून निदान तीन आठवडे मुरू द्या. न मुरलेला कण भिंतीत नंतर फुलतो आणि गिलाव्यावर फोड येतात. सुरखी कमी भाजलेल्या विटेची हवी. खंगर (जास्त भाजलेल्या) विटेची पूड चुन्याशी धरत नाही, नुसती वाळूसारखी राहते.

आतला थर एक भाग चुना, एक सुरखी, दोन वाळू. वरचा थर एक चुना, दीड बारीक वाळू. घाणी (चुना मळायची चक्की) नसेल तर मिक्सरमध्ये चालतं, पण माल थापीला लोण्यासारखा लागेपर्यंत. पाणी वाढवून मऊ करायचा नाही. एकेक थर अर्ध्या इंचापेक्षा जाड नको, दोन थरांत आठवडा. शंभर चौरस फुटांना एकूण पाऊण इंच धरला तर सव्वासहा घनफूट ओला माल लागतो. सांडलवंड धरून साडेसात तयार ठेवा. नंतर दोन आठवडे ओलं गोणपाट. चुना हवेतून हळूहळू घट्ट होतो आणि त्याला ओल लागते, म्हणून मार्च ते मे या कामाला हात लावू नका. मराठवाड्याच्या उन्हात तो घट्ट होण्याआधी सुकतो आणि बोटानं खरवडला जातो. मग चुना वाईट ठरतो.

गूळ, हिरडा, बेल घालावा का, हे प्रत्येक पत्रात असतं. थोडं हिरड्याचं पाणी कामाला येतं. गुळाचं प्रमाण वाढलं की मुंग्या. मुरवण नीट नसेल तर यातलं काहीच वाचवत नाही.

वर रंग चुन्याचाच. ऑइलपेंट किंवा प्लास्टिक पेंट मारला तर पुन्हा पहिले पाढे.

प्रश्न : जालन्याच्या जुन्या मोंढ्यात आमचं आडत दुकान भाड्यानं आहे. छत लोखंडी गर्डर आणि शहाबादी फरशीचं. गर्डरचे पापुद्रे पडतात, दोन फरश्या तडकल्या आहेत. मालक लक्ष देत नाही. वर स्लॅब टाकून घेऊ का?

स्लॅब टाकू नका. चार इंची स्लॅब शंभर चौरस फुटांना सव्वादोन टनांहून जास्त भरतो, आणि तो उचलायचा कुणी, तर त्याच गंजलेल्या गर्डरनं.

गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून गर्डरवरची फरशी उचलून तडकते. गर्डरचा मधला भाग घासून बघण्यापेक्षा भिंतीत शिरतो तिथले सहा इंच बघा, सर्वांत जास्त गंज तिथंच. खालच्या पट्टीचे पापुद्रे हातोडीनं पाडून व्हर्नियरनं उरलेली जाडी मोजा आणि न गंजलेल्या ठिकाणच्या जाडीशी ताडा. दहा टक्क्यांहून जास्त घट असेल तर इंजिनिअरकडून हिशेब करून घ्या, तोवर खाली जॅक. तडकलेल्या फरशीला गर्डर ते गर्डर आडवा अँगल देता येतो. बाकीचं काम : तारेच्या ब्रशनं चकचकीत धातू दिसेपर्यंत घासणं, त्याच दिवशी झिंक प्रायमर, मग दोन हात रंग. रात्रभर उघडा ठेवला तर सकाळी पुन्हा लाल. आणि वरच्या गच्चीची गळती आधी बंद करा, नाहीतर हे सगळं दोन वर्षांचं.

भाड्याचं म्हणाल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 14 नुसार दुरुस्ती मालकाची. निदान पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन तुम्ही ती करू शकता आणि भाड्यातून वळती करू शकता, पण वर्षाला वार्षिक भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. भाडं महिना तीनशे असेल तर वर्षाला नऊशे रुपये. यात झिंक प्रायमरही येत नाही. त्यामुळे खर्च तुम्ही करणार, हक्क दोघांचेही आहेत तसेच राहणार, असं लिहून घेऊन काम उरका. इमारत पाडली की भाडेकरूचा हक्क संपतो, ही समजूत मात्र मनातून काढा. पाडल्यानं भाडेहक्क आपोआप संपत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2014 चा निर्णय आहे.

प्रश्न : भिंतीत पिंपळ उगवला आहे. दर वर्षी छाटतो, दुप्पट फुटतो.

छाटल्यानं मूळ जाड होतं, आणि उपटल्यानं भिंत फुटते. ॲसिड किंवा मीठ घालू नका : ॲसिड चुना खातं, मीठ लोणा आणतं. खोड भिंतीपासून चार बोटं ठेवून कापा, ताज्या कापावर काही मिनिटांतच तणनाशक लागलं पाहिजे. उशीर झाला तर झाड कापाची तोंडं स्वतःच बंद करतं. ग्लायफोसेट हे तणनाशक 2022 पासून परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्यांनीच वापरायचं आहे, तेव्हा त्यांनाच बोलवा. चार-सहा महिन्यांनी मूळ वाळलं की सुटेल तेवढंच काढा. पोकळीत चुना-सुरखीचा पातळ घोळ भरा : खालून सुरुवात, आत तिरपी उतरणारी भोकं, आधी पाणी सोडून ओलं करून, दिवसाला मीटरभर उंचीपेक्षा जास्त नाही. एकदम वरपर्यंत भरलं तर घोळाच्या दाबानं भिंतीचं पोट सुटतं.

प्रश्न : बीबीच्या मकबऱ्यापासून शंभर मीटरच्या आत घर आहे. छत बदलता येईल का?

केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या शंभर मीटरांत नवं बांधकाम नाही, पण दुरुस्तीला सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी मिळते. पुढचे दोनशे मीटर नियंत्रित. तिथं परवानगीनं बांधकामही होतं. अंतर घुमटापासून नव्हे, संरक्षित आवाराच्या हद्दीपासून मोजतात. अर्ज इथंच चुकतात. क्षेत्रफळ आणि उंची आहे तेवढीच दाखवा, सोबत आजचे फोटो आणि मोजमापाचा नकाशा जोडा.

प्रश्न : दुकान शहराच्या एका जुन्या दरवाजाला लागून आहे. दरवाजा दर वर्षी खाली जातोय असं वाटतं.

दरवाजा आहे तिथंच आहे, रस्ता वर येतोय. जुना थर न खरवडता वर दीड-दोन इंच डांबर टाकलं की चार-पाच फेऱ्यांत आठ इंच चढतात. मलिक अंबरानं 1612 मध्ये भडकल दरवाजा उभारला तो हत्ती जाईल एवढा उंच. आज काही दरवाजांखालून टेम्पोची ताडपत्री घासते. शिवाय पावसाचं पाणी कमानीच्या पायाशी थांबतं. पुढच्या डांबरीकरणाआधी वॉर्ड कार्यालयात लेखी मागणी करा : दरवाजाच्या दोन्ही बाजूंना निदान पंधरा मीटर जुना थर खरवडूनच नवा टाकावा. आणि दुकानाची पाटी दरवाजाच्या दगडात बोल्ट मारून लावली असेल तर ती आधी काढा.

प्रश्न : वाडा टिकणार नाही हे ठरलं आहे. लाकूड घेणारा एकरकमी किंमत देतो. घ्यावी का?

एकरकमी नको. खांब, तुळया, कोरीव हस्त (खांब आणि तुळईमधले आधार), चौकटी यांची वेगवेगळी यादी करून घनफुटावर मोजा; कोरीव काम नगावर. चौकाचे चारही बाजूंनी फोटो आणि एक मोजमापाचा नकाशा आधी काढून ठेवा. वाडा वारसा यादीत असेल तर उतरवायला परवानगी लागते, हे वर आलंच आहे.

ढेलज (दारापाशीची ओसरी) किंवा चौकाचे खांब नव्या घरात परत उभे करायचे असतील तर ते पाडू नका, उतरवा. वरून खाली, आधी छत, मग तुळया, मग हस्त, शेवटी खांब. सांध्यातल्या पाचरी काढून, करवत न लावता. प्रत्येक नगाला खण, बाजू आणि क्रमांक द्या आणि तोच आकडा नकाशावर लिहा. खडूनं लिहिलेले आकडे पहिल्या पावसात जातात आणि चाळीस एकसारखे खांब कुठले कुठं होतात. पत्र्याच्या लहान पट्टीवर पंचनं आकडा ठोका आणि ती पट्टी खांबाच्या तळाला, तळखड्यात (खांबाखालच्या दगडात) लपणाऱ्या भागावर, पितळी खिळ्यानं बसवा. लोखंडी खिळा सागात काळा डाग सोडतो.